पत्र्याच्या डब्यातला अल्टरनेटर

पावसाळा सरला की ‘गाडीची वीज’ या सदराकडे येणाऱ्या पत्रांत चार्जिंगच्या तक्रारी वाढतात. चार महिने ताडपत्रीखाली असलेल्या जुन्या गाड्या दसऱ्याला बाहेर निघतात. धुऊन पुसून होतात, हार आणलेला असतो, सेल्फ मारला जातो आणि मीटरमधला चार्जिंगचा लाल दिवा काही विझत नाही. म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर वीज देत नाही. या महिन्यात आलेल्या अशा पत्रांतल्या एका पत्राला मी मुद्दाम जास्त जागा देतोय. त्या वाचकानं जे केलं ते पुष्कळ जण करतात, पण लिहून कळवायला लाजतात.

प्रश्न : वडिलांची अ‍ॅम्बॅसॅडर त्यांच्या पश्चात अकरा वर्षं पडवीत उभी होती. इंजिन चालू झालं, पण बॅटरी चार्ज होईना. व्हिडिओ बघून मी अल्टरनेटर उतरवला आणि खोलला. खोलताना सोपं वाटलं. आता सगळे भाग बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहेत आणि कोणता कुठला हे मला सांगता येत नाही. सोबत नऊ फोटो पाठवले आहेत. इथले मिस्त्री म्हणतात, भंगारात द्या आणि नवा बसवा. वडिलांच्या गाडीतली वस्तू आहे, म्हणून जीव होत नाही. (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : भंगारात देऊ नका. नऊही फोटो मी मोठे करून पाहिले. मोठा भाग एकही फुटलेला नाही. फोटोंत दिसत नाहीत त्या दोन-तीन बारक्या गोष्टी आहेत आणि सगळा जीव त्यांच्यात आहे. त्यांच्याकडे नंतर येतो.

तुमच्या हातात नेमकं काय आहे ते आधी ठरवू. पहिल्या फोटोत काळं प्लास्टिकचं झाकण आहे. त्याच्याखाली डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे) आणि रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), दोन्ही अल्टरनेटरच्या पाठीवरच. चौथ्या फोटोत रोटरच्या, म्हणजे फिरत्या भागाच्या, शाफ्टवर मागचं बेअरिंग आहे आणि तांब्याच्या स्लिप रिंगा त्या बेअरिंगच्याही पलीकडे, शाफ्टच्या अगदी टोकाला, प्लास्टिकच्या बोंडावर बसवलेल्या आहेत. ही ठेवण लुकास या ब्रिटिश कंपनीच्या एसीआर मालिकेची. त्यात १६एसीआर ३४ अँपिअर देतो, १७एसीआर ३६ आणि १८एसीआर ४५. नंबर बॉडीवर उमटवलेला असतो. रॉकेलच्या बोळ्यानं तेलाचा थर पुसा आणि टॉर्च तिरपी धरून बघा, म्हणजे वाचता येईल.

पाचव्या फोटोतल्या ब्रॅकेटकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. ती पट्टी हातानं कापून, वेल्डिंग मारून वाढवलेली आहे. म्हणजे हा अल्टरनेटर गाडीबरोबर आलेला नाही. मूळचा डायनॅमो (अल्टरनेटरच्या आधीच्या काळातलं जनित्र) काढून कुणीतरी मागाहून बसवला आहे, आणि वेल्डिंगची शिवण बघता करणाऱ्याचा हात चांगला होता. तुमच्या वडिलांनी हे काम करून घेतलं असणार. घरात जुनी बिलं असतील तर बघा, गाडीच्या वायरिंगमध्ये आणखी काय बदललंय तेही कळेल.

आता डबा.

मी १९८६ साली दहावीची परीक्षा देऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागलो. आमच्या वस्तादांकडे एक जुनं पांढरं धोतर होतं, चार घड्या घातलेलं. अल्टरनेटर असो, डायनॅमो असो की सेल्फ, खोलायला घेतला की आधी ते धोतर टेबलावर अंथरायचं. पहिला निघालेला भाग डावीकडे कोपऱ्यात, दुसरा त्याच्या उजवीकडे, अशी रांग लावायची. वॉशर ज्या स्क्रूचा त्याच स्क्रूत ओवून ठेवायचा. जोडताना रांगेच्या शेवटापासून उलटं यायचं. डब्यात टाकलेला भाग म्हणजे नाव पुसलेली पाटी, असं ते म्हणत. तेव्हा मोबाईल नव्हता. आता आहे, तर प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचाच. पण पांढरं कापड तरीही अंथरा. फोटोत वॉशरची जाडी कळत नाही.

तुम्हीही तेच करा. डबा चादरीवर हलक्या हातानं रिकामा करा. मी सांगतो त्या क्रमानं भाग शोधून डावीकडून मांडत या. हा क्रम पुढून मागे, म्हणजे पुलीपासून काळ्या झाकणापर्यंत आहे.

पुढचा नट आणि त्याचा स्प्रिंग वॉशर. मग पुली, त्यामागे पत्र्याचा पंखा. शाफ्टच्या खाचेत बसणारी अर्धचंद्राकृती बारकी चावी असेल, तिला आपल्याकडे हाफमून म्हणतात. पंखा आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक जाडसर कडं येतं, त्याला स्पेसर म्हणतात. तुमच्या सातव्या फोटोत ते आहे आणि तुम्ही त्यावर ‘बेअरिंगचा तुकडा?’ असं लिहिलंय. तुकडा नाही तो, पूर्ण भाग आहे. तो घातला नाही तर नट आवळताना पंखा मागे सरकून कव्हरला घासेल.

त्यानंतर अ‍ॅल्युमिनियमचं पुढचं कव्हर, त्यात मोठं बेअरिंग. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो उतरवून घ्या. दुकानात ‘अल्टरनेटरचं बेअरिंग द्या’ म्हणण्यापेक्षा नंबर सांगितला की चूक होत नाही. उदाहरणार्थ ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि रुंदी १२. पुढे २आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील, झेडझेड असेल तर पत्र्याची झाकणं.

मग रोटर. दोन पंजांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे लोखंडाचे दोन पंजे समोरासमोर बसवलेले असतात आणि त्यांच्या पोटात तांब्याच्या तारेचं एकच गोल वेटोळं. एका पंजाला सहा बोटं, दोन्ही मिळून बारा. वेटोळ्यात वीज सोडली की एका पंजाची सगळी बोटं उत्तर ध्रुव होतात, दुसऱ्याची दक्षिण. वेटोळ्याची दोन टोकं त्या दोन स्लिप रिंगांना डाख दिलेली असतात. मागचं छोटं बेअरिंग बदलायचं झालं तर हा डाख सोडवून रिंगांचं बोंड आधी काढावं लागतं. पुलर लावून सगळं एकदम ओढलं तर बोंड फुटतं आणि रोटर वाया जातो.

रोटरच्या भोवती येणारं कडं म्हणजे स्टेटर. पातळ पोलादी पत्र्यांची थप्पी, आतल्या बाजूला खाचा, खाचांत तांबं, आणि बाहेर आलेल्या तीन वायरी. वीज तयार होते ती इथे. डायनॅमोत वीज फिरत्या भागात तयार होते आणि ती सगळी कार्बनांतून, म्हणजे फिरत्या भागावर घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून, बाहेर काढावी लागते. अल्टरनेटरमध्ये ती स्थिर भागात तयार होते आणि कार्बनांतून जातो तो फक्त रोटरला लागणारा थोडा करंट. म्हणून अल्टरनेटरचे कार्बन इतके बारीक असूनही वर्षानुवर्षं टिकतात.

त्यामागे मागचं कव्हर आणि तीन लांब बोल्ट. ते बोल्ट दोन्ही कव्हरांना आरपार बांधतात. मग डायोडचा जुडगा : पत्र्याच्या पंखांवर बसवलेले नऊ डायोड. सहा मोठ्या कामाचे, तीन पॉझिटिव्ह बाजूचे नि तीन निगेटिव्ह बाजूचे. उरलेले तीन लहान, ते रोटरला वीज पुरवतात. शेवटी कार्बन होल्डर, त्याला चिकटलेली रेग्युलेटरची चपटी डबी, आणि सर्वांवर काळं झाकण.

एवढं मांडून झालं की चादरीवर काही कडी आणि नळ्या उरायला हव्यात. फायबरच्या, तपकिरी किंवा काळ्या. सहाव्या फोटोच्या कोपऱ्यात मला त्यातली एकच दिसते. ज्या बारक्या गोष्टी म्हणालो त्या ह्याच. डायोडच्या पॉझिटिव्ह पत्र्याला थेट बॅटरीची पॉझिटिव्ह वायर येते आणि तो पत्रा ज्या कव्हरवर बसतो ते कव्हर म्हणजे निगेटिव्ह. दोघांच्या मध्ये एवढंच फायबर.

शिकाऊ असताना तिसऱ्या वर्षी मी ही चूक केली आहे. एका डॉक्टरांची फियाट होती, रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणारी. डायोड प्लेट बदलून अल्टरनेटर मी एकट्यानं जोडला आणि फायबरच्या नळीच्या जागी तेवढ्याच मापाचं लोखंडी कडं घातलं, कारण ते हाताला लागलं आणि व्यवस्थित बसलं. बॅटरीचा नट लावताच हार्नेसमधून धूर निघाला. वस्तादांनी उघड्या हातानं बॅटरीची वायर ओढून काढली, तळहात भाजला. रागावले नाहीत. डॉक्टरांना स्वतःची स्कूटर दिली आणि रात्री दोनपर्यंत माझ्याबरोबर बसून वायरिंग नवं ओढलं. तेव्हापासून फायबरचा प्रत्येक वॉशर मी दोनदा बघतो आणि जोडून झाल्यावर बॅटरी लावण्याआधी मोठा टर्मिनल आणि बॉडी यांच्यामध्ये मल्टिमीटर धरतो. तुम्हीही धरा. डायोड असल्यामुळे एका दिशेनं थोडं वाहिलेलं दिसेल, ते ठीक. दोन्ही दिशांनी शून्य ओहम आलं तर बॅटरीला हात लावायचा नाही, पुन्हा खोलायचं.

आता तपासणी. रोटरच्या दोन रिंगांवर मल्टिमीटरची टोकं ठेवा. या मालिकेत साधारण ३ ते साडेचार ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर वेटोळं तुटलंय. शून्याच्या जवळ आलं तर आतल्या आत जळलंय. मग एक टोक रिंगवर, दुसरं शाफ्टवर : इथे काहीही येता कामा नये. स्टेटरच्या तीन वायरींत दोन-दोन धरून बघा, तिन्ही जोड्यांत सारखंच आणि अगदी कमी यायला हवं. वायर आणि लोखंड यांच्यात काही नाही. तांब्याकडे नीट बघा. एक फेज (स्टेटरच्या तीन वेटोळ्यांपैकी एक) काळी आणि बाकी दोन पिवळट असतील तर दोष बहुधा स्टेटरचा नसतो, त्या फेजचा डायोड शॉर्ट असतो. नवं वायंडिंग केलं आणि डायोड तसाच ठेवला तर तेही जळेल.

डायोड तपासायला स्टेटरच्या तीन वायरींचा डाख सोडवावा लागतो. डायोडची तार लांब चोचीच्या पकडीनं धरा, म्हणजे उष्णता पकडीत जाईल. सोल्डरिंग आयर्न कडक तापवून चटकन काम उरका. कोमट आयर्न घासत बसलात तर डायोड भाजतो. मल्टिमीटरमध्ये डायोडची खूण असेल तर एका दिशेनं ०.४ ते ०.७ व्होल्ट आणि उलट्या दिशेनं काही नाही, असा निकाल हवा. मल्टिमीटर नसेल तर १२ व्होल्टची बॅटरी आणि डॅशबोर्डच्या मीटरमधला दीड-दोन वॅटचा बल्ब पुरे : बल्ब एकाच दिशेनं पेटला पाहिजे. मोटार वायंडिंगवाल्याकडे मेगर (जास्त दाबाची वीज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावायला नेणार असाल तर स्टेटर एकटा न्या. डायोड जोडलेले असताना मेगर लावला तर चांगले डायोडही जातील.

कार्बन त्यांच्या होल्डरमधून ५ मिलिमीटरपेक्षा कमी बाहेर आले असतील तर ते बदला. रिंगा काळ्या झाल्यात, त्या अगदी बारीक काचकागदानं पुसा. एमरी नको, तिचे कण तांब्यात रुततात आणि नवे कार्बन खातात.

जोडताना तुम्हाला एक अडचण येईल. खोलण्याआधी तुम्ही दोन्ही कव्हरांवर आणि स्टेटरवर मिळून एक उभी रेघ ओढायला हवी होती, ती ओढलेली दिसत नाही. बोल्ट तीन आहेत, म्हणजे मागचं कव्हर तीन तऱ्हांनी बसेल आणि त्यातली एकच बरोबर. पुढच्या कव्हराचा कान आणि मागच्या कव्हराचा कान एका सरळ रेषेत आले की समजा तीच. इंजिनचा लांब बोल्ट दोन्ही कानांतून आरपार घालून बघा आणि मगच आवळा. रोटर पुढच्या कव्हरात बसवताना शाफ्टवर हातोडी घालू नका, बेअरिंगच्या आतल्या कड्यावर पाइप ठेवून प्रेसनं बसवा. गडहिंग्लजला कुठल्याही लेथवर हे दहा मिनिटांत होईल. फायबरचे हरवलेले वॉशर शोधायला पडवी झाडून काढा, धुळीत नक्की असतील. नाही मिळाले तर माप घेऊन कळवा, माझ्याकडे डबीभर जमवलेले आहेत.

प्रश्न : माझी जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. तिला डायनॅमो आहे की अल्टरनेटर, हे न खोलता कसं ओळखायचं? एक जण म्हणतो बॅटरी उलटी लावली तरी चालते. (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : शेवटच्या वाक्यानं मला काळजी वाटली, म्हणून आधी त्याचं. बॅटरी उलटी लावू नका. डायनॅमोला फील्डमध्ये उलटा करंट क्षणभर देऊन त्याचे ध्रुव बदलता येतात. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असे, त्या गाड्यांवर काम करणारे मिस्त्री हे करत. त्यातून ही समजूत पसरली. अल्टरनेटरवर उलटी बॅटरी लावली तर डायोड त्या क्षणी जातात.

ओळख सोपी आहे. डायनॅमो लांबट, गुळगुळीत पोलादी नळकांड्यासारखा. मागे दोन टर्मिनल, एक मोठा नि एक लहान, आणि बॉनेटच्या आत भिंतीला चार्जिंग जोडणारी-तोडणारी वेगळी चौकोनी डबी, जिला आपण कटआऊट म्हणतो. अल्टरनेटर आखूड, ढेरपोट्या, अ‍ॅल्युमिनियमचा, सगळीकडे वाऱ्याची भोकं. भोकांतून टॉर्च मारली तर तांबं दिसतं. शंका उरली तर कार्बनाखाली काय आहे ते बघा : तांब्याच्या अनेक पट्ट्या शेजारी शेजारी असतील तर तो कम्युटेटर, म्हणजे डायनॅमो. दोन अखंड गुळगुळीत कडी असतील तर अल्टरनेटर. डायनॅमो असेल आणि तो नीट चालत असेल तर ठेवा. दिवे लावून सिग्नलला उभं राहिल्यावर दिवे मंद होतात तो त्याचा स्वभाव आहे. कमी फेऱ्यांवर तो जेमतेम देतो. कम्युटेटर लेथवर फिरवून घेतलात तर पट्ट्यांमधला अभ्रक साधारण पाऊण मिलिमीटर खाली कापायला सांगा, नाहीतर कार्बन उड्या मारतो.

प्रश्न : मीटरमधले सगळे बल्ब काढून एलईडी लावले. छान दिसतात. पण तेव्हापासून सकाळी बॅटरी उतरलेली असते. दोन ठिकाणी दाखवलं, एका ठिकाणी नवा अल्टरनेटर घ्यायला सांगितला. (एक वाचक, कागल)

उत्तर : नवा घेऊ नका. चार्जिंगच्या लाल दिव्याच्या जागी जुना तारेचा बल्ब परत लावा, २.२ वॅटचा. बाकीचे एलईडी राहू द्या.

तो दिवा नुसता सूचना देत नाही. चावी फिरवली की बॅटरीचा थोडा करंट त्या बल्बमधून रोटरला जातो, रोटरमध्ये पहिलं चुंबकत्व येतं आणि त्यातून वीज तयार व्हायला लागते. मग वर पहिल्या उत्तरात सांगितलेले तीन लहान डायोड रोटरचा भार उचलतात, बल्बच्या दोन्ही बाजूंना सारखा दाब येतो आणि दिवा विझतो. एलईडी इतका कमी करंट सोडतो की रोटर जागाच होत नाही. इंजिन जोरात रेस केल्यावर तुमचं चार्जिंग सुरू होतं का बघा. होत असेल तर निदान पक्कं. रोटरमध्ये उरलेल्या थोड्या चुंबकत्वावर ते कसंबसं सुरू होतं. बल्ब बदलल्यावर इंजिनच्या मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बघावा लागेल.

बल्ब जळलेला असला तरी हेच होतं. चावी फिरवल्यावर लाल दिवा पेटलाच नाही तर आधी बल्ब बघा, मग अल्टरनेटर.

प्रश्न : आमची गाडी २०२१च्या महापुरात दोन दिवस पाण्यात होती. तेव्हा इंजिनचं काम केलं, गाडी चालली. आता अल्टरनेटरमधून खरखर येते आणि रेडिओत शिट्टी ऐकू येते. (एक वाचक, आंबेवाडी)

उत्तर : तुमच्या भागात पंचगंगेचं पाणी किती वेळा घरात आलंय हे आम्ही शहरात बसूनही विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं की माझ्या दुकानातले फोन सुरू होतात, आणि मी प्रत्येकाला पहिल्यांदा एकच सांगतो : गाडी उंचावर न्यायला वेळ नसेल तर निदान बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. पाण्यात बॅटरी जोडलेली राहिली तर पॉझिटिव्ह टर्मिनल आणि डायोडचा पत्रा पाण्यातल्या पाण्यात कुजतात.

तुमची खरखर बेअरिंगची आहे. पुराचं पाणी म्हणजे बारीक गाळ. तो ग्रीसमध्ये शिरला की वर्षभर, दोन वर्षं बेअरिंग चालतं आणि मग सुटतं. दोन्ही बेअरिंग बदला, एकच नको. शिट्टी डायोडची. सहा मोठ्या डायोडांपैकी एक गेला की बाहेर येणारी वीज सपाट राहत नाही, तिच्यात लाटा येतात आणि त्या रेडिओत ऐकू येतात. रात्री गाडी बंद असताना अल्टरनेटरच्या बॉडीला हात लावा. सकाळीही कोमट लागत असेल तर त्या डायोडमधून बॅटरी रात्रभर उतरतेय.

खोलल्यावर स्टेटर पेट्रोलनं धुऊ नका, वॉर्निश उतरतं आणि आगीची भीती वेगळी. साध्या पाण्यानं गाळ काढा, हवा मारा, मग दोन दिवस उन्हात किंवा वायंडिंगवाल्याच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवा आणि पुन्हा वॉर्निश द्या. डायोड प्लेटवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर ती घासत बसू नका, प्लेटच बदला. आणि पुरातून निघालेली कुठलीही गाडी अल्टरनेटर खोलल्याशिवाय महिनोन् महिने चालवू नये. इंजिन ऑइल सगळे बदलतात, हे राहून जातं.

प्रश्न : डिझेल जीपच्या अल्टरनेटरमध्ये ऑइल सापडलं. कार्बन चिकट झालेत. ऑइल आलं कुठून? (एक वाचक, राधानगरी)

उत्तर : मागच्या बाजूला बघा, अल्टरनेटरच्याच शाफ्टवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असेल आणि त्याला इंजिनमधून ऑइलची नळी येत असेल. पंप आणि अल्टरनेटर यांच्यामधलं सील गेलंय. सील बदला, कार्बन नवे घाला, रिंगा पुसा. पण हे काम या आठवड्यात करा. ब्रेकला जोर देणारा तुमचा बूस्टर त्याच पंपावर चालतो आणि तुम्हाला घाट उतरायचा असतो.

प्रश्न : मी आठवीत आहे. शाही दसऱ्याला दसरा चौकात महाराजांची मेबॅक गाडी बघितली. तिच्यात अल्टरनेटर असेल का? (एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ)

उत्तर : बेटा, तुझा प्रश्न या महिन्यातला मला सर्वांत आवडलेला. ती गाडी १९३०च्या दशकातली आहे आणि त्या काळच्या मोटारींत डायनॅमोच असे. अल्टरनेटर माहीत नव्हता असं नाही. पण त्यातून उलटसुलट दिशेनं वाहणारी वीज निघते आणि बॅटरीला एकाच दिशेची लागते. ती एका दिशेला वळवणारे साधन तेव्हा फार मोठं असे, मोटारीच्या बॉनेटमध्ये मावेल असं नव्हतं. पुढे सिलिकॉनचे डायोड निघाले, शेंगदाण्याएवढ्या आकाराचे, आणि मग ते अल्टरनेटरच्या पोटातच बसले. अमेरिकेत क्रायस्लरनं १९६० साली आपल्या व्हॅलिअंट गाडीला डायनॅमोऐवजी अल्टरनेटर दिला. आपल्याकडे तो यायला आणखी बराच काळ गेला. म्हणून माझ्या वस्तादांच्या पिढीनं हयातभर कटआऊटच्या पट्ट्या घासल्या.

तुला आत बघायचं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन उद्यमनगरात ये. माझ्याकडे एक जुना डायनॅमो आणि एक अल्टरनेटर मधोमध कापून ठेवलेला आहे, शिकाऊ मुलांसाठी. रोटर हातानं फिरवायचा आणि बल्ब पेटतो का बघायचा.